नातींची अदलाबदल

...नाही, पण मला एक सांगा, घरात आपली धडधाकट, हसतीबोलती नात असताना तिला रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी पाठवायचं आणि दुसऱ्याची नात आणून आपल्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसवायची, हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं असेल? छत्री आहे का ती, की चुकून बदलली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिली? जिवंत नात हो! आणि चोरून नाही, बळजबरीनं नाही, चांगलं विद्यापीठाच्या सहीशिक्क्यानं! माझं काही म्हणणं नाही... शिकावं माणसानं. मी कोण अडवणारा? मी शाळेच्या भिंतीला बाहेरून पाठ टेकून बसलेला माणूस. पण बसा, चहा व्हायचा तेव्हा होईल, तुम्हाला सगळं सावकाश सांगतो. मला घाई येत नाही. जन्मभर शर्टांची काजं केली मी. काज म्हणजे बटण ज्यातून जातं ना, ते भोक. त्या भोकाच्या कडेनं टाके घालत बसायचं, हा आपला धंदा. घाई केली की काज उसवतं. म्हणून गोष्टसुद्धा मी तशीच सांगतो, कडेकडेनं...

तर नात. माझ्या मुलाची मुलगी, एकुलती एक. ती विद्यापीठात जाते आणि तिच्या विषयाचं नाव आहे... थांबा, श्वास घेऊन सांगावं लागतं... ‘बालपण, तारुण्य आणि कौटुंबिक संबंध’! मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बाळ, हे तीन विषय का एकच?" म्हणाली, "एकच, आजोबा." म्हटलं, "मग यात शिकायचं काय असतं?" म्हणाली, "सगळंच!" आता तुम्ही सांगा, बालपण काय कुणी शिकून केलंय? आम्ही तर ते उभ्याउभ्याच उरकलं. मलाही होतं बालपण, नाही असं नाही, पण एका सकाळी वडिलांनी दुकानात नेलं, मशिनीखाली बसवलं, म्हणाले, सांडलेली बटणं वेच. मी बटणं वेचून वर आलो तर तारुण्य आलेलं! म्हटलं आता हे तरी नीट बघू, तर शाळांच्या गणवेशाचे ढीग येऊन पडले. त्या ढिगातून मान वर काढली तर मांडीवर मुलगा, आणि कौटुंबिक संबंध सुरू! ते आजतागायत चालूच आहेत. पुस्तक कुठं लागलं? पण माझं काही म्हणणं नाही, शिकावं माणसानं.

लोकांना काय सांगायचं, हा एक वेगळाच ताप. डॉक्टरकी म्हटलं की कळतं, वकिली म्हटलं की कळतं. आमच्या न्हाव्यानं विचारलं, "नात काय शिकते?" मी म्हटलं, "कौटुंबिक संबंध." त्याची कात्री हवेतच थांबली. हळूच कानाशी वाकून म्हणाला, "का हो... घरात काही वाईट झालं का?" आणि मग असे हळुवार केस कापले माझे, की जणू मी नुकताच कुणालातरी पोचवून आलोय!

बरं, हे सगळं मी सोसलं असतं. माझं मागणं काय होतं? दिवसाचा एक तास. संध्याकाळचा. तेवढा एक तास माझा होता आणि तोच गेला... तुम्हाला सांगतो, मला वाचता येत नाही. त्याची लाज नाही आणि गंमतही नाही, येत नाही ते नाही. तुमचा पेपर सकाळी उघडतो, माझा संध्याकाळी उघडायचा, नात घरी आली की. तिला अक्षरओळख झाली तेव्हापासूनचा शिरस्ता. तेव्हा बोट ठेवून वाचायची, अवघड काही आलं की म्हणायची, "आजोबा, इथं एक मोठ्ठा शब्द आहे, सोडून देऊ या?" म्हटलं सोड. कितीतरी सरकारं आम्ही अशी सोडून दिली! पुढं मोठी झाली, सगळं वाचायला लागली, पण सरळ वाचेल तर शपथ! एक ओळ पेपरातली, एक ओळ तिच्या दिवसातली. "...मंत्र्यांनी राजीनामा दिला... आणि आजोबा, माहितीये का, त्या माझ्या मैत्रिणीनं त्या दाढीवाल्याला सोडलं... कारण प्रकृतीचं दिलंय..." आता प्रकृती मंत्र्याची बिघडली का दाढीवाल्याची, हे मला अजून कळलेलं नाही, पण तेव्हा दोघांचंही वाईट वाटलं. तसा तो तास.

त्यात आमची एक केस चालू होती. जिन्याची केस! पेपरात आतल्या पानावर, कोपऱ्यात, अधूनमधून यायची. दोन भाऊ, घराच्या वाटण्या झाल्या. थोरल्याला मिळाला तळमजला, धाकट्याला वरचा मजला. पण जिना सुरू होतो तळमजल्यावर, म्हणून थोरला म्हणतो, जिना माझा, पाय ठेवायचा नाही! धाकटा म्हणतो, मी काय उडत जाऊ? आणि खरंच हो, शिडी लावून खिडकीतून घरात जायचा तो, पोराबाळांसकट, भाजीच्या पिशवीसकट! कोर्टात गेलं. तारखा पडत होत्या. नात धाकट्याच्या बाजूची, मी जिन्याच्या बाजूचा, त्या बिचाऱ्याचा काय दोष? रोज आधी विचारायचो, जिन्याचं काही आलंय का? आता निकाल लागायची वेळ आली आणि...

...आणि एक दिवस नात नाचत घरी आली. "आजोबा, आता प्रत्यक्ष कुटुंबाचा अभ्यास करायचाय!" म्हटलं, "कर की! आयतं घर आहे. हा मी, हा तुझा बाप, ती तुझी आई, ती बघ भांडी आपटतेय, लिहून घे." तर म्हणते, "आपलं नाही चालत. मॅडम म्हणतात, स्वतःच्या घरातलं माणसाला दिसत नाही. म्हणून जोड्या लावल्यात, माझी वर्गातल्या एकीशी. माझं घर तिला, तिचं घर मला. रोज संध्याकाळी जायचं, कोपऱ्यात बसायचं, नुसतं बघायचं." मी विचारलं, "किती दिवस?" म्हणाली, "सत्र संपेपर्यंत." शब्द एवढासा होता म्हणून मला वाटलं चार दिवसांत संपेल. शब्दाच्या लांबीवर जाऊ नका, तुम्हाला सांगून ठेवतो!

झालं. दुसऱ्याच दिवशी नात चपला घालून ‘येते हं’ म्हणून गेली आणि तिच्या जागी ही आली. उंच, चष्मा, पाठ गजासारखी सरळ. सून म्हणाली, "ये गं, खुर्ची घे." तर, "नको काकू, मला हे स्टूल चालेल. मी इथं नाहीच असं समजा." आता समजा! फ्रिजला टेकून एक सबंध मुलगी बसलेली, मांडीवर वही, आणि आम्ही समजायचं की ती नाही! फ्रिज उघडायचा तर तिला उठावं लागायचं, बंद केला की परत बसायची. पण ती नाही! चहा विचारला, "नियमात बसत नाही." पाणी विचारलं, "माझी बाटली आहे." म्हटलं, "पोरी, उकडतंय, पंखा लावू?" तर माझ्याकडे असं बघितलं, की मी पंख्याच्या नावाखाली तिला लाचच देत होतो. नात म्हणाली, त्याला तटस्थ राहणं म्हणतात. मी मनात तिचं नाव ठेवलं स्टूलवरची.

आणि घरातले! अहो, आमचं घर म्हणजे साधं घर. मुलगा बस चालवतो. दिवसभर गर्दी, धूर, शिव्या, घरी आला की म्हणतो, "हं." बास. त्या ‘हं’मध्ये सगळं असतं. भूक असते, कंटाळा असतो, माझ्या तब्येतीची चौकशीसुद्धा असते, ऐकणाऱ्याला कळते. तर हा त्या दिवशी दारात आला, स्टूल बघितलं, पोट आत घेतलं आणि एकदम, "बाबा! कसा गेला आजचा आपला दिवस?" माझ्या हातातला चमचा पडला. ‘आपला’! मला वाटलं याला डॉक्टरांनी माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय आणि आता थोडेच दिवस राहिलेत! सून दवाखान्यात नर्स आहे, तिचा आवाज असा की इथून हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला माणूस औषध घेईल. तीही टेलिफोनमधल्या बाईसारखी बोलायला लागली, "बाबा, आपल्याला आणखी थोडी भाजी हवी आहे का?" हवी आहे का! आमच्या घरात ‘घ्या, नाहीतर टाकून देते’ म्हणतात. त्यात माया असते. या ‘हवी आहे का’मध्ये मला काही सापडेना. मी नको म्हटलं आणि उपाशी उठलो.

आणि भांडणं? ती काय थांबतात? दोघं न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून भांडायला लागली! बाहेर येताना दोघांच्या चेहऱ्यावर हसू आणि बादल्या भरून वाहताहेत. एक दिवस ऐन रंगात पाणी गेलं... आणि सबंध घरात ऐकू आलं, "...तुझी आई आली होती तेव्हा तूच..." मग एकदम शांत. स्टूलवरचीनं पेन उचललं. अहो, ती लिहीत होती त्याचा आवाज ऐकू येत होता मला! पण माझं काही म्हणणं नाही. शिकावं माणसानं.

आणि पेपर? घडी घातलेला तसाच पडून. मुलाला म्हटलं, तू वाच रे बाबा. तो बस चालवल्यासारखाच वाचतो. "अपघात... पुढं चला... भाव वाढले... पुढं चला... पाऊस नाही... शेवटचा स्टॉप!" अरे, मला मधे उतरायचंय! थांबतच नाही! सुनेला सांगितलं, तर ती नेमकी रोगराईचीच बातमी काढते, दोन ओळी वाचते आणि म्हणते, "बाबा, जीभ दाखवा." राहिली बातमी बाजूला, मी जीभ बाहेर काढून बसलेलो, आणि तिकडं स्टूलवरची लिहून घेतेय! शेवटी धीर करून मी तिलाच म्हटलं, "पोरी, एवढं जिन्याचं काही आलंय का बघतेस?" तिची नजर गेली हो पेपरावर! तिनं वाचलं, मी बघितलं, भुवई अशी वर गेली तिची. म्हणजे होतं काहीतरी! आणि म्हणाली काय, "माफ करा आजोबा, मला सहभागी होता येत नाही." सहभागी! मी काय तिला पोत्यांच्या शर्यतीत उतरवत होतो?

बरं, नात परत आली की तरी काही कळावं? पूर्वी उंबऱ्यातच सुरू व्हायची, ‘आजोबा, माहितीये का...’ आता विचारावं, "कसं आहे गं ते घर?" तर ओठांवर बोट. "तिथलं बाहेर सांगता येत नाही, आजोबा. गोपनीय असतं." म्हटलं, "मी काय चौकात जाऊन ओरडणार आहे?" तर हसली. तेही माझ्याकडे बघून नाही, आतल्या आत, तिकडचंच काहीतरी आठवून... आणि खोलीत जाऊन लिहीत बसली. तुम्हाला सांगतो, माणूस घरात असून नसण्याचा तो पहिला दिवस. स्टूलवरची ‘मी नाही समजा’ म्हणून असायची आणि आमची ‘मी आहे’ म्हणून नसायची.

मग एकदा काय झालं, मुलाची बस लांब कुठंतरी बिघडली, सून दवाखान्यात अडकली. घरात मी आणि स्टूलवरची. मी वाटाणे सोलत होतो. तिच्याशी बोलायचं नाही, मग बोलायचं कुणाशी? वाटाण्यांशी बोलायला लागलो. एका शेंगेला म्हटलं, "काय गं, जिना कुणाकडे गेला असेल?" शेंग गप्प. दुसरीला विचारलं, "थोरल्याकडे गेला असेल का?" तीही गप्प. आणि फ्रिजच्या बाजूनं बारीक आवाज आला, "...दोघांकडेही."

मी मान वळवली.

"निकाल लागला. जिना दोघांनी वापरायचा. मागच्याच आठवड्यात आलं होतं."

मागच्या आठवड्यात! म्हणजे आठवडाभर ही पोर त्या जिन्यावर बसून होती आणि मी खाली! मला राग यायला हवा होता, पण राग मला उशिरा येतो, तो निघेपर्यंत ही रडायला लागली. चष्मा काढला आणि भडाभडा रडायला लागली हो! मी घाबरलो. म्हटलं, "अगं, जिना दोघांना मिळाला, चांगलं झालं की, त्यात रडायचं काय?" तर हुंदका देत म्हणते, "तुमची नात... आमच्या आजोबांना... रोज पेपर वाचून दाखवते!"

मी शेंग खाली ठेवली.

"नजर गेलीय का त्यांची?" मी विचारलं. "नाही. चष्मासुद्धा नाही. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत."

मुख्याध्यापक! आता तुम्हीच न्याय करा. ज्याचं आयुष्य वाचण्यात गेलं, ज्याला अजून बारीक अक्षर दिसतं, त्याला वाचून दाखवायचं, आणि ज्याला ‘क’ कुठल्या बाजूनं सुरू होतो तेही ठाऊक नाही, तो वाटाण्यांना बातम्या विचारतोय! जेवून ढेकर दिलेल्याला ताट वाढायचं आणि उपाशी माणूस दारात! मी म्हटलं, "अगं, पण तिथंही नियम असेल ना, बघत बसायचं, सहभागी व्हायचं नाही?" म्हणाली, "तुमच्या नातीला नाही जमलं ते. पहिल्याच दिवशी आजोबा पेपरावर चिडले होते, हिनं विचारलं काय झालं, आणि मग सुरूच झालं. तिला ते रागावतात, ती उलट बोलते, आणि मग ते हसतात. आई सांगते, खदखदून हसतात! माझ्याबरोबर कधीच नाही हसले."

मग हळूहळू सगळं आलं. लहानपणी तो मुख्याध्यापक तिलाही वाचायला बसवायचा. एक ओळ वाचली की थांबवायचा. ‘श्वास कुठं घेतलास? तिथं विराम आहे का? परत!’ दुसरी ओळ, ‘परत!’ पोरीनं एक दिवस पुस्तक मिटलं ते मिटलंच. तेव्हापासून एकाच घरात हा एका कोपऱ्यात, ती दुसऱ्या. म्हणाली, "मला वाटायचं त्यांना बोलायलाच आवडत नाही. पण तसं नव्हतं... माझ्याशी आवडत नव्हतं." हे ऐकल्यावर माझा उशिरा येणारा राग निघाला होता तो वाटेतूनच परत गेला. म्हटलं, "पोरी, तुझ्याही घरी चोरी झाली आणि माझ्याही. चोर एकच. आणि चोर माझीच नात, म्हणजे तक्रारसुद्धा करता येत नाही." तशी थोडी हसली. मग मी हळूच पेपर पुढं सरकवला. म्हटलं, "तुला कुणी ऐकायला नाही, मला कुणी वाचायला नाही..." ती म्हणाली, "पण माझं चुकलं तर?"

"बाळ," मी म्हटलं, "चुकलं तर मला कुठं कळणार आहे?"

तुम्हाला सांगतो, असा चेहरा मी कुणाचा उजळलेला बघितला नाही! वाचायला लागली. आधी तो जिन्याचा निकाल शोधून काढला, सगळा वाचला. रस्ता ओलांडताना माणूस जसा दोन्हीकडे बघतो तशी प्रत्येक विरामाला थांबायची, मग पुढं. आमच्या नातीसारखं नव्हे, मंत्री आणि दाढीवाला एकत्र नाही व्हायचे. पण वाचायची. रोज. आधी चोरून, कुलपाचा आवाज आला की टुणकन स्टुलावर. मग एक दिवस मुलानं बघितलं. मला वाटलं आता हा पोट आत घेतो. पण त्यानं असा लांब श्वास सोडला, आणि म्हणाला, "हं." माझा मुलगा परत आला हो! सुनेचा आवाज परत आला, नळ बंद झाले, भांडणं सुटसुटीत बाहेर व्हायला लागली. स्टूलवरची स्टुलावरून उतरली ती माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसायला लागली, कच्चे वाटाणे खात. माझी नात नव्हती ती. पण संध्याकाळ होती.

सुख किती टिकावं? मॅडम आल्या! न सांगता, न कळवता. दार उघडंच होतं. आत काय चाललेलं? मुलगा बनियनवर घोरतोय, सून आतून ओरडतेय, "कुणी घेतंय का हे, नाहीतर टाकून देते!" आणि स्टूलवरची पाय पसरून, पेपर धरून तिकडं ओरडतेय, "काकू, मला! मला ठेवा!" दारात मॅडम. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ही... तटस्थता?"

पोरीचा चेहरा पांढराफटक. पेपर हातातून गळला. तिचं वर्ष गेलं, हे तर मलासुद्धा कळलं. मग मी आयुष्यात केला नाही असा आगाऊपणा केला. पेपर उचलला आणि म्हणालो, "नाही हो मॅडम, तिची काही चूक नाही. मीच वाचत होतो मोठ्यानं."

"अस्सं?" मॅडम म्हणाल्या, "वाचा ना मग. मीही ऐकते."

आता आली का पंचाईत! कागद हातात, काळ्या मुंग्या इकडून तिकडं पळताहेत. पण मला जिना पाठ होता! पोरीनं वाचलेला, विरामांसकट! मी घसा साफ केला आणि सुरू केलं, "सदर जिना हा... उभय पक्षांनी... श्वास... समजुतीनं वापरावा..." चांगला रंगात आलो होतो. मॅडमनी मान लांब करून कागदात बघितलं. "हे कुठं लिहिलंय?" म्हटलं, "हे काय, इथंच." म्हणाल्या, "इथं साबणाची जाहिरात आहे."

तेवढ्यात मुलगा खडबडून जागा झाला, त्यानं बापाची बाजू घेतली, "मॅडम, बाबांना जाहिराती पाठच असतात!" सून धावत आली, "वयामुळं त्यांची अक्षरं सरकतात हो, एका पानावरची दुसऱ्या पानावर!" अहो, तिघं एका दिशेनं खोटं बोलण्याची आमच्या घरातली ही पहिली वेळ! मला भरून आलं. पण पोर उठून उभी राहिली. "मॅडम, मी वाचत होते. यांना वाचता येत नाही." मी म्हटलं, "खोटं बोलतेय ती!"

मॅडम मटकन स्टुलावरच बसल्या. मग म्हणाल्या, "आत्ता त्या घरातूनच आले. तिथं तुमची नात आणि ते मुख्याध्यापक एका पूर्णविरामावरून भांडत होते, आणि तिनं त्यांच्या ताटातलं उचलून खाल्लं." मग एक उसासा टाकला. रागावल्या नाहीत, नाउमेद झाल्या. कुटुंबात बसून कुटुंबात न शिरणारं कुणी त्यांना मिळालंच नव्हतं वाटतं. तो अभ्यास बाद. आता वर्ष वाचवायचं तर दोघींनी दुसऱ्याच्या घरी जाऊन बघत बसणं बंद करायचं, आणि पुस्तकं वाचून एक मोठा निबंध लिहून द्यायचा.

मी मनातल्या मनात टाळी वाजवली! म्हणजे नात घरी! म्हणजे संध्याकाळ परत! मी खाटेवरची चादर बदलली, पेपर उशाशी ठेवला. आली हो, नात घरीच आली... आणि हाताला धरून स्टूलवरचीलाही घेऊन आली. "आजोबा, आम्ही दोघी मिळून लिहिणार. तिच्या घरी आजोबा प्रत्येक ओळ सुधारत बसतील." दोघी खोलीत गेल्या. दार लागलं. पूर्वी एक नात नव्हती, आता दोन नाहीत!

मी पेपर घेऊन दाराकडे बघत बसलो. आज उघडेल, उद्या उघडेल... तर बाहेरचं दार वाजलं. उघडतो तो समोर एक म्हातारा, ताठ, बगलेत पेपर. "माझ्या दोन्ही नाती इथं आहेत का?" दोन्ही! मोजणी बघा माणसाची! पण म्हटलं, माणूस आपल्याच गावचा, आपल्याच दुःखाचा. "या मास्तर," म्हटलं, "बसा." बसले. इकडं तिकडं बघितलं. मी म्हटलं, "मला वाचता येत नाही." ते म्हणाले, "मला ऐकायला कुणी नाही." देवानं कशी गाठ घातली बघा! आता माझा पेपर वाचायला साक्षात मुख्याध्यापक!

त्यांनी पेपर उघडला, घसा साफ केला, पहिली ओळ वाचली... आणि थांबले. म्हणाले, "इथं चूक आहे." खिशातून लाल पेन काढलं. मी थांबलो. मला थांबता येतं. दुसऱ्या ओळीवर, "हे वाक्य आहे? याला वाक्य म्हणतात?" मी म्हटलं, "मास्तर, अवघड असेल तर सोडून देऊ." म्हणाले, "सोडून देऊ? सोडून देऊन देऊनच ही अवस्था झाली!" तेव्हापासून रोज येतात. रोज नवा पेपर येतो आणि रोज आम्ही पहिल्या बातमीच्या पोटात अडकून पडतो. जग कुठं चाललंय मला काही पत्ता नाही, पण त्यात चुका फार आहेत एवढं कळलंय.

काल मात्र मीही पेटलो. म्हटलं, "मास्तर, त्या बातमीतले लोक पुढं मेले का जगले तेवढं तरी सांगा!" ते म्हणाले, "आधी कर्ता कोण ते बघू!" मी म्हटलं, "कर्ता मरेल तोवर!" ते हसले, मी हसलो, आवाज चढले... आणि खोलीचं दार उघडलं. कितीतरी दिवसांनी उघडलं हो! आम्ही दोघंही एकदम वळलो. दोघींच्या माना बाहेर. माझी नात म्हणाली, "आजोबा, जरा हळू ना! आम्ही लिहितोय. ‘घरातला संवाद’ म्हणून प्रकरण आहे, फार अवघड आहे."

दार लागलं. मास्तरांनी पेपरची घडी घातली, मी पाय पोटाशी घेतले, आणि दोघं गप बसलो. माझं काही म्हणणं नाही, शिकावं माणसानं. संवाद आत चाललाय ना... मग बाहेर कशाला पाहिजे?